बाबांची हिंदी

रायपूर स्टेशनावर गाडी सुटायला पाच मिनिटं होती आणि बाबा खिडकीचा गज धरून माझ्या नव्या कोऱ्या नवऱ्याला सूचना देत होते. पाणी कुठे भरायचं, डबा आधी कोणता उघडायचा, वरच्या बर्थवर काय ठेवायचं नाही. आई रडत होती, मी रडत होते, दादा प्लॅटफॉर्मवर उगाच येरझारा घालत होता. बाबा मात्र ठणठणीत. गाडी हलली तसे चार पावलं सोबत चालले आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असं ओरडले, "रडू नको व पोट्टे! तीज्याले न्याले येतो ना मी!"

समोरच्या सीटवरचे एक काका हसले. मला तेव्हा कळलं नाही की ते कशाला हसले. पुण्यात उतरल्यावर आठवडाभरात कळलं.

जे रायपूर सोडून गेले नाहीत त्यांना तीजा सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. छत्तीसगढमध्ये हरतालिकेच्या आधी माहेरचा माणूस, बाप नाहीतर भाऊ, लेकीला सासरी न्यायला जातो. बोलावणं धाडून भागत नाही, जातीनं जावं लागतं. लेक पन्नाशीची असो, नातवंडं झालेली असोत, न्यायला कोणी आलं नाही तर ती दाराकडे बघत बसते. आदल्या संध्याकाळी कारल्याची भाजी आणि भात खायचा, त्याला म्हणतात करू भात, करू म्हणजे कडू. तोही एका घरी नाही, पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चार-पाच घरी जाऊन घास-घास. दुसऱ्या दिवशी कडक उपास. आम्ही मराठी लोकांनी हे सगळं उचललं आणि वर आपली वाळूची महादेवाची पिंड मांडली. आमच्या घरात बऱ्याच गोष्टींची अशीच खिचडी आहे.

आमचे पूर्वज म्हणे भोसल्यांच्या फौजेसोबत नागपूरहून आले आणि बूढापाऱ्यात तळ्याकाठी रुजले. फौजेत ते नेमकं काय करायचे हे घरात कोणीच सांगत नाही, त्यामुळे आचारी असावेत असा माझा दाट संशय आहे. येताना नागपूरची बोली आणली. ती पिढ्यान्‌पिढ्या हिंदीत भिजली, त्यात छत्तीसगढी पडली. मग आई आली अमरावतीकडून, रेल्वेतल्या बापाची लेक, तिनं आपली वऱ्हाडी घातली. आम्ही "हो" म्हणत नव्हतो, "हव" म्हणत होतो. जेवून राहिलो, झोपून राहिलो, भांडून राहिलो. भांडायला तर ही बोली फारच उत्तम. आणि आम्हाला वाटायचं, मराठी म्हणजे हेच.

पुण्यात मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर लागले. पहिल्याच दिवशी एका आजींना म्हटलं, "काकू, तुमचा रिपोर्ट बनून राहिला, बसा." आजी बसल्या नाहीत. चष्मा वर करून त्यांनी विचारलं, "तू मराठी का हिंदी?" मागे रांगेत खुसखुस झाली. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या पोरी मला "का"ऐवजी "काहून" म्हणायला लावायच्या, आणि मी मूर्खासारखी म्हणून दाखवायचे. घरी येऊन बाथरूममध्ये रडायचे. मग एक दिवस ठरवलं, बस. सहा महिन्यांत जीभ घासूनपुसून लख्ख केली. बोलण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून बघायचे, मग तोंड उघडायचे. वर्षभरानं एकीनं विचारलं, "तू सदाशिवातली का गं?" त्या दिवशी मी पेढे आणले होते. खोटं कशाला सांगू, आणले होते.

बाबा दरवर्षी यायचे. जवळजवळ वीस तासांचा प्रवास, हातात ठेठरी-खुरमीचा, आमच्याकडच्या खारट-गोड फराळाचा, स्टीलचा डबा, आल्या आल्या सासूबाईंना मोठ्यानं, "कशा आहा?" माझी नणंद चेष्टा करायची, "वहिनी, तुला अजून न्यायला येतात? हरवशील का?" मी हसण्यावारी न्यायचे. मनातून इतका अभिमान वाटायचा की काय सांगू. पण बाबा चारचौघांत बोलायला लागले की मला धडधडायचं, हेही खरं. दोन्ही एकाच वेळी व्हायचं.

माझी लेक रेवा पाच वर्षांची होती त्या वर्षी बाबा चार दिवस आधीच आले. नात आणि आजोबा दिवसभर एकमेकांना चिकटून. तिसऱ्या दिवशी घरी नवऱ्याकडची मंडळी चहाला होती, चांगली दहा-बारा माणसं. रेवा उड्या मारत आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आई, मले पानी पायजे ना व!"

सगळे हसले. प्रेमानंच हसले असतील. पण माझ्या कानात ती लॅबची रांग खुसखुसली आणि मी पोरीवर ओरडले, "मले नाही, मला! असं अडाण्यासारखं बोलायचं नाही. कुठून शिकलीस हे?"

कुठून शिकली ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. बाबा सोफ्यावर बसून बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, रेवाला जवळ घेतलं, आणि म्हणाले, "चलो बिटिया, हम पानी देते हैं।"

मला वाटलं, पाहुण्यांसमोर गंमत करतायत. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत बसलो तेव्हा म्हणाले, "बेटा, खिड़की बंद कर दूँ?" अकोल्याला म्हणाले, "चाय लोगी?" दुर्ग आलं तरी तेच. मी विचारलं, बाबा, हे काय? म्हणाले, "कुछ नहीं, ऐसे ही।"

ते ऐसे ही सात वर्षं चाललं. बाबा न्यायला येत राहिले, एकही वर्ष चुकवलं नाही. डबा तोच, माया तीच, कुठे रुसवा नाही, टोमणा नाही. फक्त माझ्याशी आणि रेवाशी हिंदी. फोनवर तर मेलं काळीज तुटायचं. मागे आईला म्हणताना ऐकू यायचं, "चहा झाला काय व? पोट्टीचा फोन आला." आणि पुढच्या क्षणाला मला, "हाँ बेटा, बोलो।" एखाद्या सरकारी ऑफिसात फोन लागावा तसं वाटायचं मला. आईला विचारलं तर ती म्हणायची, "तुहे बाबा, तू विचार." आणि मी विचारत नव्हते. कारण उत्तर मला ठाऊक होतं, आणि ते ऐकायची हिंमत नव्हती.

दादाशी मी अधूनमधून बोलायचे. तो आता ग्लासगोला असतो, तिकडे स्कॉटलंडमध्ये. त्याची मुलगी तिथेच जन्मली. ती "रायपूर" म्हणते तेव्हा दोन्ही र असे खडखडवते की स्कूटर चालू होतेय असं वाटावं. मी एकदा म्हटलं, अरे, तिचे उच्चार जरा सुधार. दादा उखडलाच. म्हणाला, "कायले सुधारू? गावची पोट्टी गावासारखीच बोलन." त्याच्या शेजारी एक म्हातारी आहे, तिचे आजीआजोबा स्कॉटलंडच्याच दूरच्या बेटांवरून गोदीत कामाला आले होते. त्यांची भाषा घरातून कधीच गेली, पण बोलण्याचा हेल राहिलाय, ती इंग्रजी बोलते तीसुद्धा त्या हेलात. तिथेही एका गावचे दुसऱ्या गावाला हसतात म्हणे. दादाला पहिली दोन वर्षं फोनवर कोणाचं काही समजत नव्हतं, आता तो स्वतःच तसा बोलतो आणि लंडनचे लोक त्याला परत विचारतात. तरी त्याची मराठी होती तशीच आहे, कारण तिथे त्याच्या मराठीला हसायला दुसरा मराठी माणूस नव्हता.

या वर्षी बाबांचा फोन आला. "बेटा, इस साल घुटना साथ नहीं दे रहा। समता कॉलोनी के डॉक्टर ने सफ़र मना किया है। तुम ख़ुद आ जाना।"

फोन ठेवला आणि मी ओट्यापाशी उभी राहून ढसाढसा रडले. नवरा म्हणाला, अगं, गुडघाच तर आहे. त्याला काय सांगू, की मला न्यायला येणारं माणूस थकलं, आणि सात वर्षांत मी त्याला "माझं चुकलं" एवढं साधं वाक्य बोलले नाही.

रेवाला घेऊन मी निघाले. बारा वर्षांची झालीय ती, अखंड प्रश्न. "आई, आजोबा तुझ्याशी हिंदीत का बोलतात?" आधीही विचारायची, मी उडवून लावायचे. या वेळी वर्ध्याच्या आसपास तिला खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे?" मी म्हटलं, "नाही गं बाळा. माझ्यामुळे."

करू भाताच्या संध्याकाळी मी तीन घरी जाऊन आले. प्रत्येक ठिकाणी कारलं, प्रत्येक ठिकाणी "दुबरी झालीस दीदी", म्हणजे वाळलीस. घरी परतले तर बाबा पाय लांब करून पलंगावर, आई ताटं वाढत होती, रेवा कारल्याकडे शत्रूसारखी बघत होती. बाबा म्हणाले, "आ गई बेटा? बैठो।"

मी बसले नाही. गाडीत पाठ करून आले होते की आपल्याच बोलीत बोलायचं. म्हणायला गेले, "बाबा, मले..." आणि पुढे जीभ हलेना. माझ्याच कानाला ते नाटकातल्यासारखं वाटलं. इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली! शेवटी येईल तसं बोलले. "बाबा, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर तुमच्या बोलण्याला अडाणी म्हटलं. माझं चुकलं. मला माफ करा. आणि आता माझं मेलीचं बोलणंही परत येत नाहीये."

आईच्या हातातला डाव भातात तसाच राहिला. बाबा गुडघा चोळत होते.

"तू चुकली नव्हती व," ते म्हणाले. सात वर्षांनी. "मी इचार केला, तुले तिथं लोक हसले, हे तू मले कधी सांगितलं नाही, पन समजते. आता हे पोट्टी माह्या संगतीनं बिघडली, तर तिलेही हसतीन. हिंदीले कोनी हसत नाही. म्हनून धरली हिंदी. राग नव्हता माह्या मनात."

"मग मला एकदा सांगायचं होतं ना, बाबा!"

"काय सांगू? लय जड गेलं मले. हिंदीत तुह्याशी सगळं बोलता आलं, पन तुले रागावता नाही आलं. एकदाही नाही. हिंदीत रागावलो तर वाटे, परक्याच्या पोरीले बोलून राहिलो."

"तर मग रागवा आता," मी म्हटलं. "सात वर्षांचं एकदम रागवा."

मला वाटलं हसतील. कसले हसतात! बाबा उशीला टेकून ताठ झाले आणि सुरू झाले. काहून इतकी वाळली तू, जेवत नाही काय? मागच्या साली आई बिमार होती तर फोन चार दिवसांनी काहून केला? नवऱ्याशी भांडून दोन दिवस उपाशी राहिली होती ते मले समजत नाही वाटते? आणि हे "माफ करा" काय लावलं, बापाले कोनी माफ करा म्हनते काय? आई मधे म्हणाली, "अहो, पोरगी जेवाची आहे, उद्या उपास आहे तिचा," तर तिलाही एक बसली. मी खाली मान घालून ताटासमोर बसले. भात गिळत होते, नाक पुसत होते, आणि मनात म्हणत होते, थांबू नका, बाबा, अजून बोला.

मला लोक विचारतात, तू नक्की कुठली? पुण्याची की रायपूरची? माझ्या जिभेला विचाराल तर आता ती दोन्हीकडची उष्टी झालीय, तिचा भरवसा नाही. पण जिथे मला असं पोटतिडकीनं, माझ्या बापाच्या बोलीत, ताटावर बसवून रागावलं जातं, तिथली मी.

रेवा घाबरून माझ्या कानाशी आली. "आई, आजोबा खूप रागावलेत का?"

"हो," मी म्हटलं, "खूप. तू जेव."

"आणि तू काय खुसूरफुसूर करून राहिली व?" बाबा तिच्यावर कडाडले. "कारलं खाय आधी!"

रेवानं दचकून घास तोंडात टाकला, आणि कडू तोंडानं म्हणाली, "हव, आजोबा."