कपडे वाळवायची दोरी

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडमनी बजावलं होतं, हात रोज वर न्या, नाहीतर खांदा आखडेल. भिंतीवर बोटं चढवण्याचा मला वीट आला, म्हणून मी अंगणातली दोरी धरली. तिच्यावर ओला टॉवेल टाकायचा, तो पडायचा, पुन्हा टाकायचा. तीन आठवड्यांनी एकदाचं त्याचं टोक दोरीवर टेकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर दोरी माझ्या कमरेएवढी!

"तुले तरास नको म्हणून खाली बांधली," नवरा खुशीत म्हणाला.

माझं डोकंच सणकलं. "पयले वर बांधा तिले!"

"संध्याकाळी बांधतो," म्हणत तो जानेफळला निघून गेला.

मी रागारागाने गाठ सोडली आणि दोरीचं टोक हातात धरून वरच्या खिळ्याकडे बघत राहिले. तिथवर माझा हात पोचत असता, तर मला ती दोरी लागलीच कशाला असती?