काकांचं दही लागत नाही

बेकरीवाले काका उभं आयुष्य भट्टीपुढे राहिले. थर्मामीटर वगैरे लाड त्यांच्या काळात नव्हते. भट्टीचं दार उघडायचं, उघडा हात क्षणभर आत धरायचा आणि सांगायचं, "अजून नाही," किंवा "चला, भरा." कोपरापर्यंतचे केस कायमचे जळून गेले होते, पण त्यांचा अंदाज चुकला आणि पाव करपले असं बेकरीत कुणाला आठवत नाही. अशा माणसाला घरच्या ओव्हनमध्ये साधं वाटीभर दही लावता येत नाही, ही बातमी लेकीच्या सासरी पोचली तेव्हा तिथे सगळे पोट धरून हसले. हसू द्या. त्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं.

बेकरीतून निवृत्त झाल्यावर काका-काकू निवांत बसतील असं दोघांनीही ठरवलं होतं. तेवढ्यात लेकीला मुलगी झाली. लेक दूर, विमानाने जायच्या अंतरावर. काकू बाळंतपणाला म्हणून गेल्या त्या गेल्याच. "बाळाने मान धरली की येते," म्हणाल्या. नातीने मान धरली. मग "बसायला लागली की," मग "चालायला लागली की." नात चालायला लागली, पळायला लागली, आता फोनवर आजोबांना ओरडून आपल्या बुटांचा रंग सांगत होती, आणि काकूंची ती निळी बॅग तिकडच्याच कपाटावर पडून होती. लेक आणि जावई दोघंही सकाळी घराबाहेर पडणार, पोरीला बघणार कोण? काकांना हे पटत होतं. पटत होतं म्हणून तर बोलायची सोय नव्हती. "कधी येतेस?" हा प्रश्न त्यांनी विचारायचा सोडून दिला होता आणि काकूंनीही तो विषय काढायचा सोडून दिला होता.

घर तसं लहानच, पण एकट्या माणसाला ते पुरून उरत होतं. काकांची जाग भट्टीच्या वेळेची, पहाटेची. उठायचं आणि करायचं काय? चहा व्हायचा, पेपर व्हायचा, बाल्कनीतली दोन झाडं पाणी पिऊन व्हायची, तरी शेजारपाजारच्या खिडक्यांचे पडदे अजून ओढलेलेच असायचे. सगळा दिवस त्यांचा डोळा संध्याकाळच्या फोनवर. आज काय सांगायचं याची ते मनात जुळवाजुळव करत. नळ गळतोय, लिफ्ट पुन्हा अडकली, समोरच्या इमारतीचं रंगकाम काढलंय. आणि फोन आला की यातलं एकही सांगून व्हायचं नाही.

"जेवलात?"

"आता जेवेन."

"गोळी?"

"घेतली."

"बरं. दाराला आतून कडी लावा. ठेवते, ही रडतेय."

झालं. दिवसभर वाट बघायची ती एवढ्यासाठी. बेकरीच्या घरघराटात आयुष्यभर ओरडूनच बोललेला माणूस, त्याला हळू आवाजात गप्पा मारता येत नाहीत यात नवल नाही. पण फोन ठेवल्यावर त्यांना फार एकटं वाटायचं, फोन येण्याआधी वाटायचं त्याहून जास्त.

थंडीच्या दिवसांत एकदा ते सहज बोलून गेले, की दुकानातल्या डब्यातलं दही म्हणजे नुसतं गोडसर पाणी. काकू तिकडून म्हणाल्या, "मग घरी लावा की. नर्सबाईंकडून चमचाभर विरजण आणा. गार पडलंय ना, मग ओव्हनमध्ये ठेवा, मी ठेवायची तसं."

नर्सबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. हॉस्पिटलची रात्रपाळी करून सकाळी घरी यायच्या. काकांनी त्यांच्याकडून विरजण आणलं. दूध तापवलं, निववलं, विरजण घातलं. आणि मग त्यांच्या हातून ती चूक झाली जी बेकरीवाल्याच्याच हातून होऊ शकते. ओव्हन म्हटल्यावर आधी तो तापवायचा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. काकू दही कशा लावायच्या हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं; ते त्या वेळी दुसऱ्या ओव्हनपुढे उभे असायचे. त्यांनी बटण फिरवलं, दार उघडून हात आत धरला, "चला, भरा" असं स्वतःलाच म्हणाले आणि भांडं आत सरकवलं.

संध्याकाळी भांड्यात पिवळट पाणी होतं आणि त्यात एक रबरासारखा गोळा तरंगत होता.

"ओव्हन तापवला होतात?" काकूंनी विचारलं.

"थोडासाच. पावाला तापवतात तेवढा नाही. बिस्किटांना तापवतात तेवढा."

 काकू हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, लेकीला हाक मारून झाली, "अगं ऐक, तुझ्या बाबांनी दही भाजलं!" आणि पुन्हा हसू. "अहो, दिवा! ओव्हनमधला नुसता दिवा लावायचा! दाराच्या आत तेवढी ऊब पुरते!" मग त्या बोलतच सुटल्या. ओव्हन नवा होता तेव्हा त्यांचंही दही कसं आंबून फसफसलं होतं, दिवा गेला तेव्हा त्यांनी गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवून कसं भागवलं, काकांना यातलं काहीच कसं कळलं नाही, सगळं सांगितलं. काका "हो का?" आणि "अरेच्चा!" करत राहिले. फोन ठेवला तेव्हा त्यांचा कान तापून लाल झाला होता आणि भाजीचं पातेलं गार पडलं होतं. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बरहुकूम सगळं केलं. बोट बुडवून दुधाची ऊब पाहिली, आणि तिथे त्यांचं बोट चुकण्याची शक्यताच नव्हती. भांड्यावर ताटली ठेवली, आतला दिवा लावला, दार लावलं. संध्याकाळी असं दही लागलं की सुरीने कापावं. वर साईचा जाड पापुद्रा. काका फोनची वाट बघत बसले, पहिला नंबर आलेल्या पोरासारखे.

"लागलं! एकदम घट्ट."

"लागलं ना? चला, सुटले मी," काकू म्हणाल्या. "गोळी घेतलीत? बरं, कडी लावा."

काका त्या दह्याकडे बघत बसले.

तिसऱ्या दिवशीही दही तसंच लागलं होतं, कदाचित आदल्या दिवशीपेक्षा चांगलं. ते समोर टेबलावर होतं. काकूंनी विचारलं, "आज दही?" आणि काकांच्या तोंडून निघून गेलं, "नाही लागलं."

"नाही? असं कसं? दूध कुठलं घेतलंत?"

आणि गाडी सुरू झाली.

तेव्हापासून काकांचं दही लागेनासं झालं. काकू उंटावरून शेळ्या हाकत होत्या आणि काका अगदी आज्ञाधारकपणे ऐकत होते. दूध बदला. स्टीलचं नको, चिनी मातीचं भांडं घ्या. भांड्याला टॉवेल गुंडाळा. टॉवेल नको, जुना स्वेटर घ्या, तो तुमचा तपकिरी. विरजण ढवळताना एकाच बाजूने ढवळा. भांडं आत ठेवल्यावर सारखं दार उघडून बघू नका, तुम्हाला खोड आहे. काका सगळं करत, दही दणदणीत लागे आणि संध्याकाळी ते पडेल आवाजात सांगत, "तार सुटलीय," "पाणीच झालंय," "आंबट ढाण." ताकास तूर लागू देत नव्हते. दह्यावरून बोलणं काकूंच्या माहेरावर जायचं, तिथून नातीच्या खोकल्यावर, तिथून तिकडच्या खिडकीतून दिसणाऱ्या पार्किंगवर. "दिवसभर कुणाशी बोलायचं हो इथे?" असं एकदा त्या पटकन बोलून गेल्या आणि लगेच पुन्हा दुधाच्या सायीवर आल्या. काकांनी ते ऐकलं.

एवढ्या दह्याचं करायचं काय? एक माणूस खाऊन खाऊन किती खाणार? काका सकाळी एक वाडगा नर्सबाईंना देऊ लागले. रात्रपाळीवरून दमून आलेल्या नर्सबाई दारातच चमचा घालून म्हणायच्या, "काका, हात काय लागलाय तुमचा!" काकांना बरं वाटायचं आणि थोडं चोरट्यासारखंही.

आणि मग एका संध्याकाळी फोनवर लेक आली.

"बाबा, आता बास झालं. आई रोज त्या दह्यावरून घसा कोरडा करते. मी दही लावायचं मशीन पाठवलंय. दूध ओता, बटण दाबा, विसरून जा. त्यात बिघडतच नाही."

मशीन आलं. पांढरंशुभ्र प्लास्टिक, छोट्या छोट्या बरण्या, वर झाकण. काकांनी त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं पाहिलं आणि ते खोक्यासकट पलंगाखाली सरकवलं. "अजून आलं नाही," असं त्यांनी सांगून पाहिलं. पण लेकीच्या मोबाइलवर पोच आली होती, आणि लेक त्यांचीच होती, सोडणारी नव्हती. "बाबा, उद्या त्यात लावा. मला फोटो हवा."

दुसरा दिवस काकांनी कसा काढला ते त्यांचं त्यांना माहीत. आता उद्यापासून पुन्हा जेवलात, गोळी, कडी. संध्याकाळी फोन वाजला. काकूच होत्या.

"लावलंत मशीनमध्ये?"

"नाही," काका म्हणाले. "अगं, मशीन नको. ओव्हनमध्ये लागतं दही. रोज लागत होतं. मी खोटं बोललो. दही लागलं म्हटलं की तू फोन ठेवतेस."

 तिकडे नात टेबलावर काहीतरी आपटत होती.

"रागावलीस?"

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"काय?"

"अहो, जन्मभर भट्टीत हात घालून ऊब सांगणाऱ्या माणसाला दिव्याची ऊब कळत नाही होय? पहिल्या आठवड्यातच मी नर्सबाईंना फोन केला. म्हटलं, यांना बरं नाही की काय, बघून या. त्या म्हणाल्या, काकू, वाडगाभर दही देऊन गेलेत, चमचा उभा राहतोय त्यात."

काकांनी ओव्हनकडे पाहिलं. "मग तो स्वेटर?"

"गुंडाळलात का खरंच?"

"रोज."

"एकाच बाजूने ढवळलंत?"

"तू सांगितलंस म्हणून."

काकू हसल्या, पण त्या दिवशीसारख्या नाही. "मला तरी दुसरं काय सुचणार होतं? रोज नवीन काहीतरी शोधायचे मी. दुपारी पोरीला झोपवलं की तेच डोक्यात. आज यांना काय सांगू?"

काकांनी डोळे पुसले. तिकडून दिसत नव्हतं हे बरं. मग एवढे दिवस गिळलेलं ते त्यांनी विचारून टाकलं. "कधी येतेस?"

काकूंचा आवाज एकदम खाली गेला. "एवढ्यात नाही हो जमायचं. हिची शाळा सुरू होईल. हिला सोडायचं, आणायचं... लेक काही म्हणत नाही, पण मला दिसतं ना. शाळेत रुळली की येते."

"बरं," काका म्हणाले. दोघांनाही माहीत होतं की मान धरणं, बसणं, चालणं यांच्याच ओळीतलं हे पुढचं. तरी बरं म्हणण्याखेरीज काय करणार?

"ते मशीन नर्सबाईंना देऊन टाका," काकू म्हणाल्या. "लेकीला मी सांगते काहीतरी. आणि ऐका, उद्या दही बिघडलं पाहिजे. मी फोन करते."

सकाळी काकांनी मशीन खाली पोचवलं. वर येऊन दूध तापवलं, बोट बुडवून पाहिलं, विरजण घातलं आणि एकाच बाजूने ढवळलं. भांड्यावर ताटली ठेवली. दिव्याच्या बटणाकडे हात गेला आणि थांबला. आता ती सगळं जाणते. तिच्याशी आणखी खोटं बोलणं जिवावर येत होतं. भट्टीत काही वाया घालवायचं नाही ही शिस्त ज्यांनी जन्मभर पाळली, त्या काकांनी ओव्हनचं दुसरं, तापवायचं बटण फिरवलं. आच चढू दिली, दार उघडून हात आत धरला. बिस्किटांना लागते तेवढी झाली होती.

"चला, भरा," ते म्हणाले, आणि भांडं आत सरकवलं.