भास्कररावांचे अर्धे बोट

भास्कररावांची आणि माझी पहिली भेट आमच्या न्हाणीघरात झाली. वॉशिंग मशीनच्या मागे नाग होता आणि मशीनवर मी होतो. मी व्यवसायाने वार्ताहर, शिक्षणाने संस्कृतचा. घाबरलो की माहिती देत सुटतो. वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले हे गृहस्थ दारात उभे राहिले, तेव्हा मी त्यांना नागाचे सात-आठ संस्कृत प्रतिशब्द सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले. "शास्त्रीबुवा, तुमचं चालू द्या, फक्त पाय वर ठेवा," एवढे बोलून त्यांनी आकडीने नाग पिशवीत घेतला. मग मला मोरीला जाळी बसवायला लावली आणि ती तिरकी बसली म्हणून काढून पुन्हा बसवायला लावली. त्या दिवसापासून मी त्यांचा शिष्य आहे. एकही साप धरलेला नाही; पिशवी बांधायची दोरी तेवढी माझ्याकडे असते.

नाशिकमधल्या किती घरांतून त्यांनी साप काढले, याची मोजदाद त्यांनी ठेवली नाही. सापाला हातात धरून फोटोही कधी काढला नाही. कोणी आग्रह केला, तर म्हणतात की फोटोत सापाचा चेहरा चांगला येत नाही.

पण मला सांगायचे आहे ते येवल्याचे. तिथले पैठणी विणणारे रफीकभाई यांनी भास्कररावांना मोबाइलवर एक फोटो पाठवला: मागाजवळ अजगराचे पिल्लू सापडले, काचेच्या पेटीत पाळले आहे, खायला काय द्यावे? फोटो पाहताच भास्कररावांनी त्यांना फोन करून पेटीला हात लावू नका म्हणून बजावले, वनखात्याला कळवले आणि मला घेऊन येवल्याची एसटी गाठली. ते पिल्लू अजगराचे नव्हते. ती घोणस होती.

रफीकभाईंना ते पटेना. पंधरा दिवस ते रोज पेटीत हात घालून पाण्याची वाटी बदलत होते. "काका, लय गरीब जनावर हाय. मला वळखतं," ते म्हणाले. भास्कररावांनी पाठीवरची साखळीसारखी नक्षी दाखवली, विष सांगितले, कायदाही सांगितला. रफीकभाई मान हलवत राहिले आणि पेटीपुढून काही हलेनात.

तेव्हा भास्कररावांनी डावा हात पुढे केला. त्यांची तर्जनी अर्धीच आहे. ती कडबाकुट्टीत गेली, हे आम्हा शिष्यांना पाठ होते.

"कडबाकुट्टी नव्हे. घोणस," ते म्हणाले. "तरुणपणी घरात पाळली होती. वर्षभर काही केलं नाही. मलाही वाटायचं, ओळखते. रफीकभाई, मी एवढ्यावर वाचलो आणि खांबावर चढत राहिलो. तुम्ही एवढ्या बोटावर धागा कसा उचलाल?"

मागावर अर्धा मोर विणून झाला होता. रफीकभाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे. जरा वेळाने त्यांनी विचारले, "झाकण मी उघडू?"

"नको," भास्कररावांनी सांगितले. रफीकभाई उठले आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. वनरक्षक आल्यावर घोणस आकडीने नळीत, नळीतून पिशवीत गेली. दोरी मी बांधली. गाठ त्यांनी तपासली.

परतताना एसटीत मी विचारले, की एवढी वर्षे आमच्यापासून का लपवले? ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पाळला होता म्हटलं, की ऐकणाऱ्यालाही पाळावासा वाटतो. आणि खरं सांगू का, लाज वाटायची." नंतर म्हणाले, "आता लिहा तुम्ही. कोणाची पेटी रिकामी होत असेल तर होऊ द्या." त्यांच्या पंचाहत्तरीसाठी नेमलेल्या गौरव समितीच्या परिचयपत्रात अजूनही कडबाकुट्टीच आहे. ती दुरुस्ती मी त्यांच्या परवानगीने इथे करतो आहे. निष्पाप कडबाकुट्टीची क्षमाही मागतो.

पंचाहत्तरीच्या माणसासाठी शंभर शरद ऋतू मागायची आपली जुनी रीत. पण साप निघतात ते पावसाळ्यात, म्हणून मी भास्कररावांसाठी पावसाळेच मागतो. निदान आणखी पंचवीस. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, आणि उरलेली साडेनऊ बोटे शेवटपर्यंत साडेनऊच राहोत.