दादाची दारू आम्ही बंद केली

दादा सेलूला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. आधी सुट्टीच्या दिवशी प्यायचा, मग रोज संध्याकाळी, आणि शेवटी सकाळी तोंड धुतल्याबरोबर. एका रविवारी तो झोकांड्या खात घरी आला, तेव्हा त्याची धाकटी पोरगी कॉटखाली जाऊन बसली. ते त्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून विहारात गेला, पंचशील म्हणाला आणि आईला येऊन सांगितलं, "आजपासून बंद."

मी पाथरीहून माहेरी आले होते. आई, वहिनी आणि मी, तिघींनी ठरवलं, आठ दिवस याला बाहेर सोडायचं नाही. खोलीला बाहेरून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी त्याला दरदरून घाम सुटला. पोटात काही ठरेना, डोळ्याला डोळा नाही. दारापाशी येऊन म्हणाला, "लय न्हाई मागत. एक घोट द्या. आतून कायतरी व्हायलंय मला."

"नाटकं करू नको, दादा," मी म्हणाले. हे वाक्य माझंच आहे, दुसऱ्या कुणाचं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनीनं ताट न्यायला दार उघडलं, आई आणि मी तिच्या मागे होतो. तो भिंतीला टेकून बसला होता आणि शर्टावरून काहीतरी वेचून बाजूला टाकत होता.

"काय करायलास, दादा?" मी विचारलं.

"रुई चिकटली सगळी."

शर्टावर काहीच नव्हतं. त्यानं वर पाहिलं. मला, पाठच्या बहिणीला विचारलं, "बाई, तुमी कुणाकडच्या?"

तेवढ्यात तो उठला. "आग लागली, गाठी हलवा," असं ओरडत आईला ढकलून दाराकडे धावला आणि उंबऱ्यातच कोसळला. अंग ताठ झालं, तोंडाला फेस आला. आई कांदा फोडून नाकाशी धरत होती. मी मात्र जागची हलले नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दादासाठी नाही, दादाचीच भीती वाटली.

शेजाऱ्यांच्या जीपमधून परभणीला नेलं. वाटेत आणखी एक झटका आला. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तव्यासारखं तापलेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "शेवटची कधी घेतली?"

"रविवारी. आमी बंद केली," वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडायची नसते, ताई. त्यानंही माणूस जातो. आधी इथं आणायचं होतं."

आम्ही तिघी एकमेकींकडे पाहू शकलो नाही. तो मागत होता तेव्हा खरंच मरायला लागला होता, आणि कडी आमच्या हातात होती.

चार दिवसांनी त्यानं मला ओळखलं. त्या दुपारचं त्याला काही आठवत नाही. औषधं चालू झाली, महिन्याला परभणीची फेरी सुरू झाली. मध्ये एकदा तो पुन्हा प्याला. या वेळी आम्ही कडी घातली नाही. सकाळच्या एसटीनं सरळ डॉक्टरांकडे नेलं.

आता बरेच महिने झाले, तो घेत नाही. पण यायला उशीर झाला की वहिनीचं कामात लक्ष लागत नाही. पाणी द्यायच्या निमित्तानं ती जवळ जाते. त्याला ते कळतं. चपला काढता काढता तोच तिच्याकडे तोंड करून श्वास सोडतो आणि म्हणतो, "घे, बघ." ती बघते. मी माहेरी आलेली असले आणि दारात उभी असले, तर माझाही श्वास तेवढा वेळ थांबलेला असतो.