ठाकुर्लीच्या परसातल्या मधपेट्या आणि सुलोचनाताई

सुलोचनाताई भोईर यांची आणि माझी ओळख एका फसलेल्या कामातून झाली. एका दुपारी आमच्या गॅलरीतल्या कपड्यांच्या दांडीवर मधमाश्यांचा मोठा घोस येऊन लटकला. शेजाऱ्यांपैकी कोणी धूर करा म्हणाले, कोणी औषध मारणाऱ्याला बोलवा म्हणाले. माझ्या पत्नीने शाळेत तिला शास्त्र शिकवणाऱ्या सुलोचनाताईंना फोन लावला. पदर खोचून, काखेत रिकामी मधपेटी घेऊन ताई चालत आल्या. "घाबरू नका, सातेरी माश्या आहेत, पाळता येतात. पेटीत घालून घेऊन जाते," म्हणाल्या. चहा उकळेपर्यंत अख्खा घोस उठला आणि रुळांपलीकडे निघून गेला.

"का गेल्या?" मी विचारले.

"मला माहीत नाही," ताई म्हणाल्या. चहा घेऊन, रिकामी पेटी उचलून त्या परत गेल्या. इतक्या सहजपणे हे वाक्य उच्चारणारी शिक्षिका मी तोवर पाहिली नव्हती. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. तेव्हापासून जातोच आहे.

भोईरांची शेती केव्हाच इमारतींखाली गेली. उरले घर आणि परस. तिथे शेवग्याखाली ताईंच्या दोन मधपेट्या. सावली तीच, फुले तीच, तरी एक पेटी माश्यांनी गजबजलेली आणि दुसरी रोडावत चाललेली. पावसाळ्यात आम्ही रोडावलेल्या पेटीत साखरेचा पाक ठेवला, तर मुंग्या लागल्या. पाक काढला, तर चार दिवसांनी पेटी रिकामी. पाक दिला म्हणून माश्या गेल्या, की काढला म्हणून, असे मी विचारले. "दोन्ही पटतं मला," ताई म्हणाल्या. "तीच तर पंचाईत आहे." पुढे माश्यांची एक नवी वसाहत आणून त्यांनी तीच पेटी पुन्हा भरली.

त्यांच्या मायेचे अनुभव त्यांच्या या गौरवग्रंथात अनेकांनी लिहिले असतील. माझा असा आहे. वागळे इस्टेटमधला आमचा कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो. कोणाशी बोलवेना. ताई रोज सकाळी फोन करत, "अरे नितीन, पेट्यांच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी घालायचंय. मुंग्या चढतील. येतोस का?" मी जात असे, तर वाट्या बहुधा भरलेल्या असत. त्या विसरत होत्या की मला घराबाहेर काढत होत्या, हे मला आजही कळलेले नाही. दुसरी नोकरी लागेपर्यंत मी रोज गेलो, एवढे खरे.

त्यांची खरी कसोटी लागली ती शेजारच्या इमारतीतल्या देशमुखकाकांना माश्या चावल्या तेव्हा. काकांचा चेहरा सुजला, श्वास लागला, दवाखान्यात ठेवावे लागले. इमारतीच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या माश्यांचे मोठे पोळे होते, ते मी त्या इमारतीच्या सभेत सगळ्यांना दाखवले. माझ्या मते प्रश्न तिथेच मिटत होता. पण अध्यक्षांनी ताईंना थेट विचारले, "बाई, तुमच्या माश्या नव्हत्या ना?"

"नव्हत्या असं मी सांगू शकत नाही," ताई म्हणाल्या. "माझ्याही असतील."

मी रस्त्यातच त्यांच्याशी भांडलो. "ताई, गरज काय होती?"

"काका अजून झोपून आहेत रे. अंदाजाने काय बोलायचं?"

दोन्ही पेट्या त्यांनी शहापूरकडे भावाच्या शेतावर हलवल्या. त्याच आठवड्यात टाकीखालचे आग्या मोहोळही आपणहून उठून गेले. त्यानंतर कोणाला माशी चावली नाही आणि दोष कोणाचा, हे कायमचे अधांतरी राहिले. त्या दिवसांत ताई परसात फारशा येत नसत. मग एका संध्याकाळी देशमुखकाका स्वतः दाराशी आले. "पेट्या आणा परत," ते म्हणाले. "फक्त तोंड माझ्या खिडकीकडे नको."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते. पण तुम्ही त्या दिवशी स्वतःला वाचवू शकला असता. तसं केलं नाहीत. आता पुढे काही झालं, तरी तुम्ही मला खरं सांगाल."

पेट्या परत आल्या. तोंडे भिंतीकडे वळवली. माश्यांनी ते मानले कसे, हेही आम्हाला उलगडलेले नाही.

ताई आता पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना पोळ्याच्या घरांतली बारीक अंडी दिसत नाहीत. परवा त्यांनी पेटीतली पोळ्याची चौकट काढून माझ्या हातात दिली. "अंडी आहेत का बघ. असली तर राणी आहे." मी उन्हात चौकट तिरकी धरली. काही पांढरे दिसत होते. अंडी की नुसती उन्हाची तिरीप, ठरवता येईना. त्यांना बरे वाटावे म्हणून 'आहेत' हा शब्द अगदी ओठांवर आला होता.

"कळत नाही, ताई," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, चौकट हळूच पेटीत ठेवली आणि म्हणाल्या, "बरं झालं. आता पेटी तुझ्यावर सोपवायला हरकत नाही."

ताईंच्या डोळ्यांवरची शस्त्रक्रिया सुखरूप पार पडो. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. पेटी सोपवण्याची मात्र त्यांनी मुळीच घाई करू नये, ही माझी कळकळीची विनंती.