डावीकडं चाक असलेली जीप

मोटारीतून फिरणाऱ्या लोकांविरुद्ध मी एक पत्रक लिहिलं होतं. आठ पानांचं, खिळे स्वतः जुळवून छापलेलं. चाकोरीतून हादरे खात जाणाऱ्या गाडीवानाच्या तोंडावर धूळ उडवणारी मोटार म्हणजे चाकांवर चालणारी सत्ता आहे, असं त्यात म्हटलं होतं. ते पत्रक शेगावच्या बाजारात वाटून महिनाही झाला नसेल, तोच माझ्या दारात एक जीप येऊन उभी राहिली, आणि ती माझी होती.

झालं असं, की लढाई संपल्यावर लष्कराचं सामान लिलावात निघालं. वरवट बकालला माझे मामा मोठे शेतकरी. नाल्यातून, नांगरटीतून, कुठूनही जाते असं ऐकून त्यांनी ती जीप घेतली. आठ दिवस चालवून पाहिली, दोनदा तुरीच्या वावरात घातली, आणि मग मला बोलावणं धाडलं.

"तू शिकेल माणूस हायेस," ते म्हणाले. "ह्या गाडीवर जागोजागी इंग्रजीत लिवलं हाय. मले तं समजत नाई का ते हुकूम हाय का शिव्या. तूच ने."

मी नाही म्हणालो. तत्त्वाचा प्रश्न होता. दोन दिवस मी नाहीच म्हणत राहिलो, आणि तिसऱ्या दिवशी ताईसाठी हो म्हणालो.

ताई माझी थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांनी नवरा गेला तेव्हा ती परत आली, आणि मग हट्टानं अमरावतीला राहून मास्तरणीची परीक्षा पास झाली. जिल्ह्याच्या शाळा बोर्डानं तिला मुलींची शाळा दिली होती, पण ती कागदावर. रोहिणखेडच्या पुढं एका खेड्यात तिनं स्वतः जाऊन शाळेला जागा मिळवायची, पंधरा मुलींची नावं लिहून आणायची, आणि हे सगळं सोमवारच्या आत. नाही जमलं तर नेमणूक रद्द. तसं झालं तर ताईनं उरलेलं आयुष्य मामींच्या स्वयंपाकघरात काढायचं, हे घरात सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. त्या खेड्याला मोटार जात नव्हती, आणि बैलगाडीनं जाऊन गावाला चार वेळा समजवायला हातात दिवस उरले नव्हते. जीप जात होती.

पण आधी ती मला चालवता यायला हवी होती. जिनिंगच्या इंजिनांची कामं करणारे एक मिस्त्री शेगावात होते. त्यांनी चार दिवस मला शिकवलं. चाक आणि ब्रेक मला जमले. जीप मात्र समजली नाही.

तिला किल्लीच नव्हती. एक खटका फिरवायचा की झालं. म्हणजे ती ज्याच्या हाताला लागेल त्याची. हे मला तत्त्व म्हणून आवडलं, पण रात्री झोप लागेना. दारं नव्हती. दाराच्या जागी एक कापडी पट्टा होता, तो आडवा अडकवायचा आणि देवावर भरवसा ठेवायचा. माझा देवावर भरवसा नसल्यानं मी एका हातानं गाडीची कड धरून बसायचो. पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या बुडाखाली. रेशनची कुपनं खर्चून पेट्रोल घ्यायला गेलं की आधी आपण उठायचं, गादी उचलायची, आणि आपण आजवर कशावर बसलो होतो ते सगळ्या पंपासमोर बघायचं. पुढचे दिवे त्यांच्या मागचा कानांचा नट पिळला की गर्रकन उलटे वळत आणि इंजिनात उजेड पाडत. कुदळ आणि फावडं अडकवायला बाजूला कड्या होत्या, पण कुदळ आणि फावडं नव्हतं. नाकावर हिरव्या रंगाखालून एक पांढरा तारा अजून दिसत होता. मी त्यावर दोनदा रंग दिला, तरी तो दिसतच राहिला.

सगळ्यात मोठा घोळ दांड्यांचा. एक लांब दांडा गिअरचा, आणि त्याच्या शेजारी दोन ठेंगणे. कशाला काय करायचं ते समोरच्या पत्र्यावर इंग्रजीत लिहिलेलं. मी ते एखाद्या जाहीरनाम्यासारखं वाचलं. शब्द सगळे समजले, अर्थ लागला नाही. खामगावच्या सडकेवर गाडी हंबरू लागली, चाक वळेना, बैलगाड्या आम्हाला मागं टाकू लागल्या. इंजिन मेलं असं समजून मी गाडी कशीबशी परत आणली.

मिस्त्रींनी नुसतं वाकून पाहिलं. "भाऊ, गाडी बीमार नाई. चिखलातली चाल लावून ठेवली तुम्ही, अन् निंगाले पक्क्या सडकेवर."

"मग ती कधी लावायची?"

"अडकले म्हंजे."

"आणि अडकलो आहे हे कसं कळणार?"

मिस्त्रींनी हात पुसले. "तुम्हाले कळन," ते म्हणाले. "उशिरा कळन, पण कळन."

मी घरी येऊन विचार करत बसलो, की ही गाडी कोणाच्या बाजूची आहे. मोटार श्रीमंतांची, बैलगाडी गरिबांची, एवढं मला ठाऊक होतं. पण हिच्यात मऊ गादी नाही, मालकानं मागं रेलून बसावं अशी जागा नाही, धूळ सगळ्यांच्या तोंडात सारखी. तरी हे कोडं मला सुटेना. तिच्यावर पत्रक लिहिता येईना, बाजूनंही नाही आणि विरुद्धही नाही.

आणि चाक डावीकडं. बाकीच्या सगळ्या घोळांवर इलाज होता, याला नव्हता. आपल्याकडं मोटार, लॉरी, सर्व्हिसची बस, काहीही असो, चालवणारा उजवीकडं बसतो. मी डावीकडं बसायचो, आणि पुढं सरकीची गाडी असली की तिच्या पलीकडचं मला काही दिसायचं नाही. उजवीकडं वळायचं असेल तर हात बाहेर काढून दाखवायचा, पण माझा उजवा हात गाडीच्या आत.

"शेजारच्या माणसानं काढावा हात," मिस्त्री म्हणाले. "लढाईत कोनी हात दाखवत नाई, म्हून त्याईनं इचारच केला नाई."

अशा रीतीनं शनिवारी सकाळी आम्ही निघालो, मी आणि ताई. नांदुरा सोडलं, मोताळ्याकडं वळलो, आणि तोवर आमची एक रीत बसून गेली होती. पुढं गाडी आली की ताई मान बाहेर काढून बघायची. "आता नको... थांब... ने, ने, ने!" वळण आलं की ती हात बाहेर काढायची, चांगला खांद्यापासून सरळ. कापसाच्या गाड्यांची धूळ काचेवर बसली की काच पुसायची दांडी तिच्या बाजूनं तीच हातानं फिरवायची, कारण तिला दिसलं तरच मला जाता येणार होतं. डोक्यावरचा पदर तिनं दातात धरला होता.

"तू चालवतोस का मी?" मोताळ्याच्या पुढं तिनं विचारलं.

"मी."

"मंग माहाच हात काऊन दुखून राह्यला?"

रोहिणखेडची जुनी मशीद मागं पडली, सडक संपली, आणि कोरडा नाला आला. त्या नाल्यात मी पहिल्यांदा ठेंगणा दांडा बरोबर वेळी ओढला. गाडी दगडांवरून बकरीसारखी वर चढली. मी खूश होऊन ताईकडं पाहिलं, तर ती समोर बघत होती. पलीकडच्या काठावर दहा-बारा पोरं उभी होती. त्यांच्यात पुढं एक मुलगी, आठ-नऊ वर्षांची, परकर खोचलेली. तिनं आम्हाला पाहिलं, वळली आणि गावाकडं ओरडत धावत सुटली.

"बाई मोटार चालवून राह्यली वो! बाई!"

माझ्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला. उजवीकडं जो बसतो तो चालवतो, हे त्या पोरांना पक्कं ठाऊक होतं. उजवीकडं एक बाई, तिचा एक हात काचेशी, दुसरा बाहेर. डावीकडचा मी म्हणजे कोणी तरी सोबत आलेला.

आम्ही चावडीपाशी पोचेपर्यंत गाव गोळा झालं होतं. पोरी गाडीला हात लावत होत्या, ताईला हात लावत होत्या. ती धावत गेलेली मुलगी पाटलांची नात निघाली. पाटील म्हातारे, पांढऱ्या मिशांचे, चावडीच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी ताईला राम राम केला, पाणी दिलं, बोर्डाचा कागद वाचून घेतला, आणि मग अगदी सभ्यपणानं नाही म्हणाले.

"बाई, अक्षरं शिकवसान ते ठीक हाय. पन मोटार हाकनाऱ्या बाईच्या हाताखाली आमच्या पोरी कशा देवा? उद्या ह्या बैल जुपून शेगावले निंगतीन."

ओट्यावरची माणसं हसली. एकजण म्हणाला, "अन् आमाले मांगं बसवतीन!" आणखी हसली.

ताईचा हात कागदावर होता. तो तिथंच राहिला.

त्या क्षणी काय बोलायला हवं होतं ते मला आजही पाठ आहे. बाईनं मोटार चालवली तर बिघडलं काय, असं विचारायला हवं होतं. मी त्यावर लिहिलंही होतं, चार पानं. पण ताई मोटार चालवत नव्हती, हेही खरंच होतं. खोट्यावर शाळा उभी करायची नाही, हेही माझं तत्त्व. दोन तत्त्वं एकदम घशाशी आली आणि त्यातलं एक आधी बाहेर पडलं.

"ती नाही चालवत!" मी जवळजवळ ओरडलो. "मी चालवतो. चाक डावीकडं आहे. या, स्वतः बघा!"

सगळे उठून आले. पाटलांनी चाकाला हात लावला, मग दांड्यांना, मग वाकून खालच्या पायदांड्यांना. एका म्हाताऱ्यानं चढून माझ्या जागेवर बसून पाहिलं. मी दिवा उलटा फिरवून दाखवला. त्यांना तो फार आवडला.

"अरे बापा, असं हाय व्हय!" पाटील म्हणाले. "म्या म्हटलंच, बाईमानसाले थे कसं जमन."

"नाही," मी म्हणालो. "तिला येत नाही."

मी हे म्हणालो. मान डोलावून म्हणालो.

गाव मोकळं झालं. चावडीच्या बाजूची कापूस भरायची कोठी शाळेला मिळाली. नावं पटापट निघू लागली. बाप पुढं येत, मुलीचं नाव सांगत, अंगठा करत. मी सत्य बोललो होतो, काम होत होतं, आणि मला आपण काही तरी चोरलं आहे असं वाटत होतं. ताई लिहीत होती. तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

चौदा नावं झाली.

"पंधरावं माह्या नातीचं," पाटील म्हणाले. "पन तिले इचारा बापा. माह्या घरात तिचंच चालते."

नात जीपला टेकून उभी होती. मघापासून ती एकटीच हसत नव्हती.

"मले नाई शिकाचं," ती म्हणाली.

ताई कागद घेऊन तिच्याकडं गेली. मीही मागून गेलो. पाटील ओट्यावरच बसले. त्यांना थोडं कमी ऐकू येत असावं, किंवा उठायचा कंटाळा.

"काऊन वं?" ताईनं विचारलं.

"तुमाले चालवता येत नाई."

"नाई येत."

"मंग मले वाटलं तुमी..." मुलीनं जीपच्या चाकाला एक लाथ मारली. "समद्या पोट्टीयले सांगितलं म्या. आता हासतीन मले."

ताई खाली बसली, तिच्या उंचीला. मला वाटलं, आता ती शिक्षणाचं महत्त्व सांगेल. मी असतो तर तेच सांगितलं असतं.

"मी अजून शिकली नाई," ताई हळूच म्हणाली. "हा माहा भाऊ हाय. हा शिकवन मले. तू शाळेत ये, संक्रातीपर्यंत तुले वाचता आलं पाह्यजे. अन् मले हे."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. "शिकवसान?"

मी मान हलवली. ती कोणत्या दिशेनं हलली ते मला ठाऊक नाही.

"कोनाच्या समोर?"

"नाल्यात," ताई म्हणाली. "तुह्या समोर. दुसऱ्या कोनाच्या नाई."

मुलीनं विचार केला. मग कागदाकडं बोट दाखवलं. "लिवा."

ओट्यावरून पाटलांचा आवाज आला. "काय म्हनते वं पोट्टी? काय ठरलं?"

सगळी माणसं माझ्याकडं बघत होती, कारण सत्य सांगणारा मी होतो. ताईनं लिहिता लिहिता मान वर केली नाही. तिची लेखणी नावाच्या मध्यावर थांबली होती.

"अक्षरं कधी यायला लागतील, म्हणते," मी म्हणालो. "संक्रांतीपर्यंत येतील, असं ताईनं सांगितलं."

"वा!" पाटील खूश झाले आणि अंगठा करायला उठले.

ताईनं नाव पुरं केलं.