न भिजवलेल्या बाभळी

गावच्या सहकारी सोसायटीच्या ओट्यावर बसून मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. दुष्काळात चाऱ्याच्या पेंढ्या ठेवायच्या म्हणून चेअरमननं मला तिथून उठवलं. तो राग अजून गेलेला नाही. त्याच रागात मी परसातल्या पाचही बाभळी तोडल्या. त्यांच्या लाकडावर माझी स्वतःची रंगकामाची खोली उभी करायची होती.

घासाघीस करून सुताराची मजुरी निम्म्यावर आणली. तो म्हणाला, "पेंटर, बाभळ आधी चार महिने पाण्यात बुडवाया लागती. न्हाई तर भुंगा लागून लाकूड पोखरतो."

"इथं प्यायला पाणी न्हाई बे! टाळाटाळ करू नको, खांब रोव."

त्यानं रोवले.

दोन महिन्यांत आढ्यातून पिवळा भुसा गळायला लागला, तोही नेमका ओल्या रंगावर. पुसून पुन्हा रंगवावं, तर पुन्हा भुसा. चेअरमनच्या दारात जायचं नव्हतं आणि तोडायला झाड उरलं नव्हतं. मी आढ्याकडं बघून शिव्या घालत होतो.

"आता भुंग्यासंगबी भांडा," म्हणत बायकोनं छताखाली जुनं लुगडं ताणून बांधलं.

भुशाच्या भारानं ते खाली झोळ धरत गेलं. त्याच्याखाली मान वाकवून मी पाट्या रंगवत राहिलो.